शक्तिमानची ट्रान्सफर केस: उघडावी, बदलावी की काढूनच टाकावी?

केळीवाला_रावेर (९ ऑगस्ट, रात्री ९.५०)

मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे लष्कराचा जुना शक्तिमान ट्रक आहे. पाटीवर १९७८ साल आहे. वडिलांनी १९९६ मध्ये लिलावाचा माल घेणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून तो आणला, तेव्हा गाव हसलं होतं. पण ऑगस्टमध्ये काळ्या जमिनीत केळीची भरलेली गाडी बसली की तेच हसणारे रात्री अकराला दार वाजवतात. ट्रॅक्टर चाकं फिरवत स्वतःच पोटापर्यंत रुततो. शक्तिमान साखळी लावून गाडी बाहेर काढतो, आणि वर घडही खाली पडत नाहीत.

आता दुखणं सांगतो. तिशीच्या वर वेग गेला की खालून ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. पाय काढला की आवाजाची जात बदलते, बंद होत नाही. लो गिअरमध्ये जोर लावला की दांडी आपोआप उडून न्यूट्रलला येते. मागच्या योकपाशी (शाफ्ट जोडायच्या टोकापाशी) तेल टपकतं, रात्रभरात जमिनीवर ताटलीएवढा डाग. आणि फोर व्हीलची दांडी म्हणजे भीमाला मारुतीचं शेपूट हललं नव्हतं तशी.

जळगावातल्या एका गॅरेजवाल्याने खाली न वाकताच सांगितलं की ट्रान्सफर गेली, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी. त्याचे तीन पर्याय: दिल्लीच्या मायापुरीतून दुसरी जुनी आणायची, नव्या फोर बाय फोर ट्रकची बसवायची, नाहीतर सगळंच काढून गिअरबॉक्सपासून मागे थेट शाफ्ट टाकायचा. पहिल्याचे पैसे त्याने इतके सांगितले की वडील म्हणाले, त्यात एक म्हैस येते.

जाणकारांनी सांगावं. केळी कापणीवर आली आहे, वेळ कमी आहे.


जोंगाप्रेमी (९ ऑगस्ट, रात्री १०.१५)

शक्तिमान! भाऊ, आधी फोटो टाका, बाकी नंतर.

अवांतर, पण राहवत नाही. जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला हे ट्रक बनायला लागले, कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना. माझी जोंगा, लष्कराचीच जीपसारखी गाडी, त्याच गावची. नावातच जबलपूर आहे, ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ची आद्याक्षरं. मूळ गाडी निसान कंपनीची ‘पॅट्रोल’. पुढे जबलपूरच्या वाहन कारखान्यात स्टॅलियन आणि टाटाचे अडीच टनी आले आणि शक्तिमान मागे पडला.

मदत म्हणाल तर जोंगाच्या ट्रान्सफरमध्ये मी स्वतः फक्त तेल बदललंय. त्यामुळे गप्प बसून वाचतो. वाचनखूण साठवली.


नंदुरबारकर (१० ऑगस्ट, सकाळी ७.०५)

बोलेरो कॅम्परची टाकून द्या की. आमच्याकडे सगळीकडे मिळते.


चाळीसगावचा_कारागीर (१० ऑगस्ट, सकाळी ८.३०)

नंदुरबारकर, बैलाच्या मानेवर शेळीचं दावं बांधायला सांगताय. पिकअपच्या ट्रान्सफरला भरल्या ट्रकची ओढ एक दिवस पेलणार नाही.

केळीवाले भाऊ, मी लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमईतून निवृत्त झालो. नोकरीत शक्तिमानखाली पाठ घासली आहे, म्हणून लिहितो. ट्रान्सफर गेली हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं. त्यातल्या निम्म्या वेळा बिचारी ट्रान्सफर दुसऱ्याच्या पापाचं फळ भोगत होती. बदलाल, तर नवीही तेच भोगेल. म्हणून उघडण्याआधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या.

तेल शेवटी कधी बदललं आणि कोणतं टाकलं? केसच्या वर ब्रीदर असतो, बोटभर टोपीसारखा, तो मोकळा आहे का चिखलाने बुजलाय? बुजला असेल तर आतली हवा तापून फुगते आणि सीलमधून तेल बाहेर ढकलते. मग तुम्ही दहा सील बदला, अकरावं पण गळेल.

शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस हाताने हलवून पाहिले का? एकाच शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका रेषेत आहेत का? कोणीतरी शाफ्ट काढून एक आटा फिरवून बसवला असेल तर थरथर होते आणि बेरिंग मरतं. केस चेसिसला ज्या रबरांवर टांगलेली असते ती रबरं बसली असतील तर केस जोर लावताना वळते आणि दांडीची सळई तिला ओढून न्यूट्रलला आणते. दांडी उडण्याचं हे एक अगदी स्वस्त कारण आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. टायर कोणते आहेत? पुढे कोणते, मागे कोणते, किती झिजलेले? फोर व्हील कधी लावता, कधी काढता?


केळीवाला_रावेर (१० ऑगस्ट, दुपारी २.२०)

काका, नमस्कार. आज दुपारी पाऊस उघडला म्हणून खाली शिरलो.

ब्रीदर सापडायलाच अर्धा तास गेला. तो वाळलेल्या मातीचा गोळा झाला होता. तेल कधी बदललं ते वडिलांना आठवत नाही, ‘वरून टाकत राहतो’ म्हणाले. क्रॉस बरे वाटतात. मागच्या बाजूचं एक रबर फाटलंय.

टायर पुढे नऊशे-वीस मापाचे, गुळगुळीत होत आलेले. मागे दहाशे-वीसचे, दोन वर्षांपूर्वी स्वस्तात मिळाले म्हणून वडिलांनी टाकले.

फोर व्हीलचं खरं सांगू का? दांडी निघतच नाही, म्हणून जून ते ऑक्टोबर ती आत टाकलेलीच असते. डांबरी रस्त्यावरही तशीच चालते.


धुळ्याचा_लेथवाला (१० ऑगस्ट, दुपारी २.४०)

भाऊ, तुना ट्रकनी ट्रान्सफर बिघडनी नही, तुम्हीच बिघाडेल शे!


चाळीसगावचा_कारागीर (१० ऑगस्ट, संध्याकाळी ६.००)

लेथवाले, हसू नका, पण बरोबर बोललात.

भाऊ, आता नीट वाचा. तुमच्या ट्रकच्या ट्रान्सफरमध्ये पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट फोर व्हील लावल्यावर एकमेकांना घट्ट जखडले जातात. मध्ये डिफरन्शिअल नाही. म्हणजे दोन्ही शाफ्टनी तंतोतंत सारखेच फेरे घ्यायचे. शेतात चिखलात चाक थोडं घसरतं आणि फरक निघून जातो. डांबरावर घसरायला जागा नाही. तिथे हा फरक शाफ्टांना पीळ देतो, चऱ्हाटाला देतात तसा. तो पीळ सगळा ट्रान्सफरच्या दात्यांवर आणि बेरिंगांवर येतो.

वळणावर तर सारखे टायर असले तरी हे होतं, कारण पुढची चाकं मोठ्या वर्तुळात फिरतात. तुमच्याकडे तर सरळ रस्त्यावरही फरक आहे.

एक काम करा. सपाट फरशीवर ट्रक उभा करा, चाकाच्या तळाशी खडूची खूण, जमिनीवर खूण, ट्रक पुढे ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा झाला की पुन्हा खूण. टेपने अंतर मोजा. पुढचं आणि मागचं, दोन्ही. नेहमीच्या हवेवर आणि फोर व्हील सुटल्यावरच. दांडी निघत नसेल तर मोकळ्या मातीवर नेऊन सरळ रेषेत दहा पावलं मागे घ्या आणि मागे जाता जाता दांडी ओढा. पीळ उलटा सुटतो.


केळीवाला_रावेर (११ ऑगस्ट, सकाळी ११.१०)

काका, मागे घेताना दांडी एका हाताने निघाली!! वडील बघत राहिले.

मोजमाप: पुढचं चाक एका फेऱ्यात ३ मीटर ११ सेंटिमीटर. मागचं ३ मीटर २४.


चाळीसगावचा_कारागीर (११ ऑगस्ट, दुपारी १२.३०)

मग हिशेब करा. एक किलोमीटरला पुढचं चाक ३२१ फेरे आणि वर थोडं, मागचं ३०८ आणि वर थोडं. तेरा फेऱ्यांचा फरक, दर किलोमीटरला. डिफरन्शिअलचं प्रमाण समजा सहास एक धरलं, तर शाफ्टावर तो पाऊणशेच्या वर जातो. वीस किलोमीटर डांबरावर गेलात तर चाकाचे अडीचशेहून जास्त फेरे कुठेतरी जिरले पाहिजेत. थोडे टायर घासून जिरले, म्हणूनच पुढचे गुळगुळीत झाले. बाकीचे ट्रान्सफरने खाल्ले.

दांडी जड म्हणून तुम्ही फोर व्हील काढत नव्हतात, आणि फोर व्हील काढत नव्हतात म्हणून दांडी जड.

आता या अवस्थेत मायापुरीहून दुसरी आणून बसवली असती तर दोन पावसाळ्यांत तिचंही हेच झालं असतं, आणि म्हैस गेली ती गेलीच असती.


भुसावळ_जंक्शन (११ ऑगस्ट, दुपारी १.००)

जबरदस्त धागा. आमच्याकडे एक ट्रॅक्टर आहे, फोर व्हीलवाला, त्याचे पुढचे टायर बदलताना दुकानदार म्हणाला ‘साइज थोडी इकडेतिकडे चालते’. आता कळलं का नाही चालत.


सुरतकर_मूळ_शहादा (११ ऑगस्ट, रात्री ८.४५)

मग तिसरा पर्याय काय वाईट? ट्रान्सफर काढा, थेट मागे शाफ्ट. तेल नाही, आवाज नाही, दांडी नाही. ओढायला जेसीबी भाड्याने मिळतो.


चाळीसगावचा_कारागीर (११ ऑगस्ट, रात्री ९.३०)

जेसीबी मिळतो हे खरं. पण रात्री अकराला, रावेरच्या शिवारात, पावसात? त्याचं उत्तर केळीवाल्यांनी द्यावं.

थेट शाफ्ट टाकताना शाफ्ट लांब होतो, मध्ये आधाराचं बेरिंग लागतं, कोन बदलतात. लो गिअर जातो, म्हणजे चिखलातून हळू रेटण्याची ताकद जाते. मग उरतो तो मागच्या चाकांचा एक जड, जुना, तेलपिऊ ट्रक.

काही लोक मधला मार्ग काढतात, फक्त पुढचा शाफ्ट सोडून ठेवतात. आवाजाची तपासणी म्हणून दोन दिवस चालेल. पण तशा गाडीत लो लावून ओढू नका. कित्येक गाड्यांत पुढचा धुरा जोडल्याशिवाय लो पडतच नाही अशी कुलूपबंदी आत केलेली असते, जीपमध्ये आहेच. ती उगाच नाही. लोचा वाढलेला जोर दोन धुऱ्यांत वाटला जावा म्हणून आहे. पुढचा शाफ्ट नसला की सगळा जोर मागचा एकटा धुरा घेतो, आणि ट्रान्सफर वाचवता वाचवता मागचा हाफ शाफ्ट मोडतो.

नव्या ट्रकची बसवायचं म्हणाल तर पुढच्या धुऱ्याचा गोळा (डिफरन्शिअल) डाव्या अंगाला का उजव्या, खाली येणारा शाफ्ट किती खाली, मागचा शाफ्ट कुठल्या दिशेने फिरतो, प्रमाण काय, स्पीडोमीटरची केबल कुठून निघते, हे सगळं जुळायला हवं. जुळवणारे कारागीर आहेत. पण तुमचीच केस दुरुस्त होत असताना का?


धुळ्याचा_लेथवाला (१२ ऑगस्ट, सकाळी ९.१५)

काकांना दंडवत. पण एक सांगतो, खोलल्याशिवाय ‘दुरुस्त होते’ म्हणू नका. घराची बोअर, म्हणजे बेरिंग बसतं ते भोक, गेली असेल तर?

केळीवाले, काढताना मात्र काळजी. ही दोघांनी छातीवर घ्यायची वस्तू नाही. माझ्या दुकानात एकाच्या तळहातावर केस टेकली होती, बोट कायमचं वाकडं राहिलं. चेन कप्पी लावा, ट्रक लाकडी स्लीपरवर घ्या, एकट्या जॅकवर भरवसा नको. आणि ज्या गाड्यांचा हँडब्रेक ट्रान्सफरच्या मागच्या शाफ्टावर असतो त्यांचा शाफ्ट सुटला की हँडब्रेकही सुटतो. चाकांना पाचर आधी, पाना नंतर.


केळीवाला_रावेर (१७ ऑगस्ट, रात्री १०.३०)

काढली! भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेले एक फिटर मामा आमच्या नात्यात आहेत, त्यांना दोन दिवस आणलं. भरीत आणि कळण्याच्या भाकरीवर काम झालं, मजुरी घेतली नाही.

तेल काकांनी आधी फोनवर सांगितलं तसं स्वच्छ घमेल्यात, धोतराच्या कापडातून गाळून घेतलं. काळं, जळकट वासाचं. कापडावर राखाडी लेप होता, तो बोटाला गुळगुळीत लागतो. त्यात चमकणारे चपटे कण, नखाने उचलता येतील इतके. लोहचुंबकाला चिकटले. थोडे पिवळे कण होते, ते चिकटले नाहीत.

उघडल्यावर काय दिसलं: मागच्या आउटपुट शाफ्टाचं एक बेरिंग, त्याची जाळी तुटून तुकडे झालेत. बाहेरची रिंग घरात गोल फिरलेली आहे, घराची भिंत आरशासारखी चकचकीत. फोर व्हीलच्या स्लिव्हचे (गिअर जोडणाऱ्या सरकत्या बाहीचे) दाते टोकाला गोल. लोच्या स्लिव्हचेही तसेच, पण कमी. शिफ्टर फोर्क एका बाजूने झिजून पातळ. मोठे गिअर डोळ्यांना चांगले दिसतात.

मामा म्हणतात, गोल दात्यांवर वेल्डिंग भरून घासून घेऊ.


चाळीसगावचा_कारागीर (१८ ऑगस्ट, सकाळी ६.१०)

मामांना माझा नमस्कार सांगा, पण वेल्डिंग नको.

राखाडी लेप म्हणजे नेहमीची झीज, तो सुरमा घाबरण्यासारखा नाही. चपटे चमकणारे कण म्हणजे बेरिंग. पिवळे म्हणजे पितळेचे थ्रस्ट वॉशर किंवा बुश. गोष्ट सरळ जुळते.

दात्यांबद्दल. या दात्यांची वरची साल कडक केलेली असते आणि आतला गाभा लवचीक ठेवलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने ती साल मरते. वरून घातलेला धातू एकतर मऊ राहतो, चार दिवसांत पुन्हा गोल होतो, नाहीतर फार कडक होऊन तडकतो. तडकलेला तुकडा फिरत्या गिअरांत गेला की तुमचे चांगले मोठे गिअरही गेले. स्लिव्ह दुसरीच पाहिजे, आणि ती ज्या गिअरवर चढते त्याचे छोटे दातेही तपासा. ते गोल असतील तर जोडीच बदला.

दांडी उडायची कारणं आता तुमच्याकडे तीन झाली: फाटलेलं रबर, पातळ फोर्क, गोल दाते. तिन्ही दुरुस्त करा. दांडीच्या सळईत एक गोळी आणि स्प्रिंग असते, खाचेत बसणारी, तिची स्प्रिंग थकली असेल. ती दहा रुपयांची वस्तू विसरू नका.

बेरिंग घ्यायला जाताना ‘शक्तिमानचं द्या’ म्हणू नका. दुकानदार आधी भाव वाढवेल, मग नाही म्हणेल. रिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. पुसला असेल तर व्हर्निअरने आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी मोजा. नेहमीच्या बॉल बेरिंगचे शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की आतला व्यास मिलिमीटरमध्ये येतो. ६३०८ असेल तर आठ पंचे चाळीस. बाहेर नव्वद, जाडी तेवीस. हे बेरिंग पंपात असो, ट्रकात असो, जगात कुठेही तेच. सीलचंही तसंच, तीन मापं सांगा: शाफ्ट, घर, जाडी.


धुळ्याचा_लेथवाला (१८ ऑगस्ट, सकाळी ९.४०)

घर माझ्याकडे आणा.

लोक घराला सेंटर पंचाने टोचे मारून बेरिंग घट्ट बसवतात. बसतं पण. महिनाभर. टोच्यांची टोकं दबली की पुन्हा फिरायला लागतं. आणि बेरिंग मधोमध बसत नाही ते वेगळंच. दोन शाफ्टांमधलं अंतर केसाएवढं हललं तरी गिअर गातो. तुमचा ‘घूं’ दुरुस्तीनंतर ‘घीं’ होईल.

बरोबर पद्धत म्हणजे बोअर मोठी करून बीडाची स्लिव्ह दाबून बसवायची आणि मूळ मापावर पुन्हा कापायची. पण मध्य कुठला धरायचा? झिजलेल्या बोअरचा मध्य धरला तर फसलात, ती एका बाजूलाच जास्त झिजते. समोरच्या भिंतीतली चांगली बोअर धरून त्याच सेटिंगवर ही कापावी लागते. म्हणून दोन्ही अर्धे, सगळी झाकणं, डॉवेल पिना, सगळं आणा. नुसतं घर पोत्यात घालून एसटीने पाठवू नका. पाठवतात लोक.


नंदुरबारकर (१८ ऑगस्ट, दुपारी ४.००)

बोलेरोवरून माझी खेचलीत, आता कामाचं सांगतो. तळोद्याच्या पुढे एका लाकूड व्यापाऱ्याच्या वखारीमागे शक्तिमान उभा आहे. इंजिन केव्हाच विकलं. बॉनेटमधून करंज उगवलाय, माझ्या उंचीचा. खाली ट्रान्सफर अजून लटकते आहे, मी आज जाऊन पाहिली. मालक भंगाराच्या किलोच्या भावाने द्यायला तयार आहे, पण काढायची तुम्ही.


केळीवाला_रावेर (१८ ऑगस्ट, दुपारी ४.१२)

नंदुरबारकर भाऊ, बोलेरोचं विसरून जाऊ. उद्याच निघतो. तोंड गोड करायला केळीचं एक लुंगर (घड) आणतो.


जोंगाप्रेमी (१८ ऑगस्ट, संध्याकाळी ५.३०)

करंजाचा फोटो नक्की काढा.

एक शंका. जीपच्या स्पायसर १८ ट्रान्सफरमध्ये मागच्या आउटपुट शाफ्टाला ०.१० ते ०.२० मिमी खेळ ठेवतात, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) लावून. इथेही तोच ठेवायचा का?


चाळीसगावचा_कारागीर (१८ ऑगस्ट, रात्री ८.००)

नाही. तो आकडा जीपचा, तिच्या टेपर बेरिंगांसाठी. दुसऱ्याच्या चष्म्याने वाचू नये. टेपर असेल तिथे शिमने खेळ किंवा दाब ठरतो, साध्या बॉल बेरिंगला तो प्रकार नाही.

केळीवाल्यांनी खोलताना प्रत्येक झाकणाखालचे शिम वेगवेगळ्या पिशवीत, चिठ्ठीसह ठेवले असतील अशी आशा. ठेवले असतील तर तेच परत, तेवढेच. बेरिंग बदललंय म्हणून डायल गेज लावून एकदा बघायचं. एकत्र केले असतील तर मला सांगू नका, रात्रीची झोप जाईल.


केळीवाला_रावेर (१८ ऑगस्ट, रात्री ८.२०)

पिशव्या वेगळ्या आहेत काका. लग्नपत्रिकांच्या मागे लिहून चिठ्ठ्या टाकल्यात.


केळीवाला_रावेर (२ सप्टेंबर, रात्री ९.००)

उशीर झाला, माफी. मधे दोन गाड्या रुतल्या, शक्तिमान खोललेला, लोकांनी ट्रॅक्टरवर ट्रॅक्टर लावले. आमच्या दारात येऊन ट्रकच्या रिकाम्या पोटाकडे बघून लोक हळहळत होते. वडिलांची मान ताठ झाली.

तळोद्याची केस आणली. तिची बाहेरची तब्येत आमच्यापेक्षा वाईट, पाणी शिरून एका बाजूचे गिअर गंजलेले, खड्डे पडलेले. पण दोन्ही स्लिव्ह, त्यांचे जोडीदार गिअर आणि फोर्क तेलाखाली राहिले होते, ते उत्तम. म्हणजे दोन प्रेतांतून एक जिवंत केलं.

घर धुळ्याला नेलं. लेथवाल्यांनी चार दिवस घेतले आणि मला शेजारी बसवून ठेवलं. स्लिव्ह बसवताना घर तापवलं, स्लिव्ह बर्फात. दुपारी शेवभाजी त्यांनीच खाऊ घातली, डोळ्यांतून पाणी आलं.

मागच्या योकवर सील जिथे घासतं तिथे नखाला लागेल अशी खाच होती. नवं सील टाकलं असतं तरी गळलंच असतं. त्यावर पातळ पोलादी बाही चढवून दिली. बेरिंगं सगळी नवी, नंबर सांगून घेतली, जळगावात दोन दुकानांत मिळाली. दुकानदाराने एकदाही विचारलं नाही की गाडी कोणती.

सगळं मिळून एक्केचाळीस हजारांच्या आत. येण्याजाण्याचं डिझेल धरून. म्हैस वाचली.

तेलाचं विचारायचं राहिलं. दुकानदार जीएल-५ दर्जाचं गिअर तेल देतोय, भारीतलं म्हणतो.


चाळीसगावचा_कारागीर (३ सप्टेंबर, सकाळी ६.३०)

शाब्बास. तुमचंही, लेथवाल्यांचंही.

आत पितळी वॉशर आहेत ना? मग जीएल-४, नव्वद नंबर. जीएल-५ मध्ये जास्त दाबासाठी जी गंधक-फॉस्फरसची द्रव्यं असतात ती डिफरन्शिअलच्या हायपॉइड दात्यांसाठी चांगली, पण काही तेलांतली ती तापल्यावर पितळ खातात. भारीतलं म्हणजे इथे योग्य असं नाही.

तेल लेव्हल प्लगपर्यंत, ट्रक सपाट जागी. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून भरू नका. जास्त तेल घुसळून तापतं, फेसतं आणि सीलवर चढतं. ब्रीदरला रबरी नळी लावून चेसिसच्या वरच्या अंगाला न्या, म्हणजे नाल्यात उतरलात तरी पाणी शिरणार नाही. गरम केस थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. तळोद्यातली केस बहुतेक अशीच गंजली.

आणि टायर!


केळीवाला_रावेर (१४ सप्टेंबर, सकाळी ८.४५)

बसवली. काल पालच्या बाजूला सातपुड्याच्या चढावर नेऊन आलो. हायमध्ये पंचेचाळीसपर्यंत नुसता इंजिनाचा आवाज. वडील शेजारी बसून ‘काहीतरी बंद पडलंय’ म्हणत होते, इतकी त्या घूंची सवय झाली होती. लोमध्ये दगड भरून चढवला, दांडी जागेवर. फोर व्हील दोन बोटांनी पडतं आणि दोन बोटांनी निघतं.

दांडीशेजारी पत्र्यावर रंगाने लिहिलंय: ‘डांबर आलं, दांडी काढ’. ड्रायव्हर वाचतो आणि हसतो, पण काढतो.

टायर सगळे नऊशे-वीसचे केले, एकाच कंपनीचे. खडूने मोजले. पुढे-मागे फरक एक सेंटिमीटरच्या आत.

एक त्रास राहिलाय. पुढच्या आउटपुटपाशी एखादा थेंब दिसतो, दोन दिवसांत एक. परत खोलायची का?


चाळीसगावचा_कारागीर (१४ सप्टेंबर, सकाळी ९.३०)

दोन दिवसांत एक थेंब? लष्करात त्याला आम्ही कोरडं म्हणायचो. झाकणाचे बोल्ट एकदा सारखे आवळा, पॅकिंग बसलं असेल. पाचशे किलोमीटरला तेल सोडा, कापडातून, आणि कापडाचा फोटो टाका.


धुळ्याचा_लेथवाला (१४ सप्टेंबर, सकाळी १०.०५)

पुढच्या खेपेला येताना केळी आनजो भो, मागनी खेपले तळोदावालाले दिनी आनि माले इसरी गया.


केळीवाला_रावेर (६ ऑक्टोबर, रात्री ८.१५)

पाचशे वीस किलोमीटरला तेल सोडलं. कापडाचा फोटो जोडतोय. फक्त राखाडी लेप, चमकणारा कण एकही नाही. चुंबकावर मिशीच्या केसासारखी थोडी बुरशी. पिवळं काही नाही. या काळात सात गाड्या काढल्या. थेंब थांबला.

लेथवाले, केळी उद्या धुळ्याच्या गाडीत पाठवतो, दोन लुंगर.

जाता जाता: दहाशे-वीसचे टायर विकणे आहेत, दोन वर्षं वापरलेले, नक्षी अजून निम्म्याच्या वर. फोर बाय फोरवाल्याने एकटी जोडी मागू नये, देणार नाही.


नंदुरबारकर (६ ऑक्टोबर, रात्री ८.४०)

भाव सांगा. आमच्या पाण्याच्या टँकरला हवेत, तो साधाच आहे, मागच्या चाकांचा.